धारूरचं जुनं घर विकायचंय, पण खिडक्या-बांधकामाचे कागद सापडत नाहीत? व्यवहार नेमका कुठे अडतो, समजून घ्या

समजा, तुमचं धारूरच्या जुन्या गावात वडिलोपार्जित घर आहे. दगडी भिंती, वर माळवद. वडिलांनी दहा-बारा वर्षांपूर्वी लाकडी चौकटी काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. त्याच कामात मागच्या भिंतीला एक नवी खिडकी पाडली आणि माळवद उतरवून स्लॅब टाकला. आता वडील नाहीत, भावंडं पुण्यात, घराला कुलूप. गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, इसाराची तारीखही ठरली. आणि मग गिऱ्हाईकाने विचारलं, "दादा, या कामाची नगरपरिषदेची परवानगी आहे का? बँक मागतेय."

घरात ट्रंक उघडली. त्यात वीजबिलं निघाली, घरपट्टीच्या पावत्या निघाल्या. परवानगीचा कागद काही निघाला नाही.

धारूरच काय, बीड जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मग घर विकता येणार की नाही? कोणता कागद खरंच लागतो आणि कोणत्या कागदाची उगाच धास्ती घेतली जाते? एकेक करून पाहूया.

खिडकी बदलायला परवानगी लागते का?

आधी सोपं उत्तर. जुनी खिडकी काढून त्याच जागी, त्याच मापाची नवी खिडकी बसवली असेल, तर सहसा परवानगी लागत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३ मध्ये विकासकामाला परवानगी घ्यावी असं म्हटलं आहे. पण त्याच कलमात सूटही आहे. इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा बदल, जो फक्त आतल्या भागापुरता आहे किंवा ज्यामुळे इमारतीच्या बाहेरच्या रूपात फारसा फरक पडत नाही, त्याला परवानगीची गरज नाही. वारसा इमारतींना मात्र ही सूट नाही.

म्हणजे लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम, गजांच्या जागी जाळी, जुन्या काचेच्या जागी नवी काच, एवढ्यासाठी नगरपरिषदेचा कागद नसला तरी घाबरायचं कारण नाही. असा कागद मुळात तयारच होत नाही, त्यामुळे तो हरवण्याचा प्रश्नही येत नाही.

अडचण सुरू होते ती भिंतीपासून. भिंत फोडून नवी खिडकी पाडली, बाल्कनी काढली, छज्जा रस्त्यावर आणला, एक खोली वाढवली किंवा वर मजला चढवला, तर तो बाहेरचा बदल किंवा वाढीव बांधकाम ठरतं. नगरपरिषदांना लागू असलेल्या १९६५ च्या अधिनियमातही असं काम सुरू करण्याआधी मुख्याधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे.

वरच्या उदाहरणात सरकत्या खिडक्यांची काळजी नाही. प्रश्न मागच्या भिंतीतल्या नव्या खिडकीचा आहे आणि त्याहून मोठा प्रश्न स्लॅबचा आहे.

खिडकी उघडते कोणाच्या जागेत?

धारूरसारख्या जुन्या गावांत घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. त्यामुळे खरेदीदाराने खिडकीबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हा की ती कोणाच्या जागेत उघडते?

ती तुमच्याच अंगणात किंवा सार्वजनिक रस्त्यावर उघडत असेल, तर गोष्ट सोपी. पण ती शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेकडे उघडत असेल, तर उद्या शेजारी त्याच्या हद्दीत बांधकाम काढू शकतो आणि तुमची खिडकी बुजू शकते.

इथे २० वर्षांचा नियम महत्त्वाचा ठरतो. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ आणि मुदत अधिनियम, १९६३ या दोन्हींत तो आहे. एखाद्या खिडकीतून इमारतीत उजेड आणि वारा सलग २० वर्षं, अडथळ्याशिवाय येत असेल, तर त्यावर हक्क तयार होतो. पण हा हक्क जेवढा उजेड त्या संपूर्ण काळात येत होता, तेवढ्यापुरताच असतो. वडिलांनी जुनी छोटी खिडकी फोडून दुप्पट मोठी केली असेल, तर वाढलेल्या भागाची २० वर्षं नव्याने मोजावी लागतात.

म्हणून "ही खिडकी कधीपासून आहे?" हा प्रश्न गप्पांचा नाही. जुना फोटो, मिस्त्रीची तारीख असलेली पावती, शेजाऱ्यासोबत केलेलं लेखी मान्यतापत्र, यांपैकी काहीही असेल तर ते जपून ठेवा. दहा-बारा वर्षांपूर्वी पाडलेल्या खिडकीवर असा हक्क अजून तयार झालेला नाही, हेही खरेदीदाराला माहीत असायला हवं.

मग बँक कोणते कागद मागते?

घराचे कागद साधारण चार गटांत मोडतात.

एक, मालकीचे: खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसाहक्काचे कागद.

दोन, सरकारी नोंदी: सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक, शेतजमिनीतून प्लॉट पडला असेल तर सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश, आणि नगरपरिषदेचा कर आकारणीचा उतारा, ज्याला बऱ्याच ठिकाणी 'नमुना नंबर ४३' म्हणतात.

तीन, बांधकामाचे: मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, काम पूर्ण झाल्याचं आणि भोगवटा प्रमाणपत्र.

चार, येण्या-देण्याचे: घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल, थकबाकी नसल्याचा दाखला.

जुन्या गावातल्या बहुतेक घरांकडे चौथा गट भरपूर असतो, दुसरा थोडाफार असतो, पहिला अर्धवट असतो आणि तिसरा नसतोच. याला इतिहासही कारण आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातले दस्त उर्दूत किंवा मोडीत सापडतात. पिढ्यान् पिढ्या घर तोंडी वाटणीने एकाकडून दुसऱ्याकडे आलं. घर कोणाचं हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कागद करायची वेळच कोणावर आली नाही.

घरपट्टी भरतो, मग घर अधिकृतच ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

घरपट्टी हा कर आहे. नगरपरिषद ती वापरात असलेल्या मालमत्तेवर लावते. कर लावला म्हणून बांधकामाला मंजुरी मिळत नाही. अनधिकृत बांधकामावर दंडाची जादा आकारणी झाली, तरी ते बांधकाम नियमित झालं असा त्याचा अर्थ होत नाही.

मालकीचंही तसंच आहे. कर आकारणीच्या उताऱ्यावर किंवा फेरफारात नाव असणं हा मालकीचा पुरावा नाही, ती कर वसुलीसाठीची नोंद आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. ताबा दाखवायला हे कागद उपयोगी पडतात. पण केवळ त्यांच्या जोरावर घर विकायला निघालात, तर वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये प्रश्न उभे राहणारच.

घर गावठाणाबाहेर असेल तर?

जुन्या वस्तीबाहेर शेतात पाडलेल्या एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर असेल, तर आणखी एक अडथळा येतो. तो म्हणजे १९४७ चा तुकडेबंदी कायदा. ठरलेल्या क्षेत्रापेक्षा छोटा तुकडा विकायला हा कायदा मनाई करतो. त्यामुळे अशी असंख्य घरं नोटरीवर किंवा साध्या स्टॅम्प पेपरवर हातोहात फिरली.

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश काढून यात मोठी सवलत दिली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले असे व्यवहार, जिथे जमीन निवासी किंवा अन्य बिगरशेती वापराच्या क्षेत्रात येते, ते शुल्क न घेता नियमित मानण्याची तरतूद त्यात आहे. त्याआधी २०२१ मध्ये गुंठेवारी कायद्याची मुदतही १ जानेवारी २००१ वरून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली होती.

पण दोन गोष्टींची गल्लत करू नका. तुकडेबंदीच्या सवलतीने जमिनीचा व्यवहार मोकळा होतो. त्या जमिनीवरच्या स्लॅबला आणि वाढवलेल्या खोलीला त्यातून परवानगी मिळत नाही. तो अर्ज वेगळाच करावा लागतो.

आधी चालत होतं, मग आताच काय बदललं?

१७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या एका प्रकरणात निकाल दिला. अनधिकृत बांधकामाला किती वर्षं झाली, त्यात किती पैसे गेले किंवा अधिकाऱ्यांनी किती वर्षं दुर्लक्ष केलं, या कारणांवरून ते वाचवता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. सोबत देशभरासाठी निर्देश दिले. त्यातला एक थेट बँकांसाठी आहे. इमारत तारण घेऊन कर्ज देताना पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासूनच कर्ज मंजूर करावं, असं त्यात म्हटलं आहे. वीज आणि पाण्याच्या जोडणीबाबतही असेच निर्देश आहेत.

याचा परिणाम कसा होतो, ते आकड्यांत पाहूया. समजा, घराचा भाव २० लाख ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देऊ शकते. म्हणजे कागद पूर्ण असतील आणि उत्पन्न बसत असेल, तर खरेदीदाराला खिशातून दोन लाख आणि वरचा खर्च एवढंच उभं करावं लागेल. बँकेने नकार दिला, तर त्याच माणसाला पूर्ण २० लाख आणावे लागतील.

दोन लाख जमवू शकणारी माणसं गावात पुष्कळ असतात. रोख २० लाख असणारी मोजकीच असतात आणि भाव पाडून कसा मागायचा हे त्यांना चांगलं कळतं. कागद नसलेल्या घराचा भाव उतरतो तो इथे. घर तेच असतं, फक्त ते घेऊ शकणारे लोक कमी होतात.

रोखीच्या व्यवहाराचीही जोखीम आहे. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. १६ एप्रिल २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की, दस्तात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं नमूद असेल, तर नोंदणी कार्यालयाने आयकर विभागाला कळवावं. "कागद नाही, मग रोखीत उरकू" हा मार्ग म्हणूनच महागात पडू शकतो.

रजिस्ट्री झाली की सुटलो?

सुटलो, असं अनेकांना वाटतं. पण दुय्यम निबंधक कार्यालय दस्ताची नोंदणी करतं, मालकीची हमी देत नाही. ७ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडूच्या एका नियमाबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, हे तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही, असं त्यात म्हटलं आहे.

मग जबाबदारी कोणावर? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचं कलम ५५ इथे लागू होतं. मालमत्तेत किंवा मालकीत असा महत्त्वाचा दोष असेल, जो विकणाऱ्याला माहीत आहे, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं फसवणूक ठरू शकतं. खरेदीदाराने मागितल्यावर मालकीचे कागद तपासायला देणंही विकणाऱ्याचं कर्तव्य आहे.

नवी खिडकी डोळ्यांना दिसते. तिची परवानगी नाही, हे दिसत नाही. नगरपरिषदेची नोटीस येऊन ती ट्रंकेत पडली असेल, तर तेही दिसत नाही. या गोष्टी लपवून खरेदीखत केलं आणि वर्षभराने खरेदीदाराला नोटीस आली, तर तो तुमच्याकडेच येणार, तेही बहुधा वकिलासोबत.

इंग्लंडमध्ये खिडक्यांचाही कागद लागतो

या प्रश्नाची दुसरी बाजू पाहायची तर इंग्लंड आणि वेल्सकडे पाहता येईल. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव घर विकताना येतो. १ एप्रिल २००२ पासून तिथे घराच्या बदललेल्या खिडक्याही बांधकाम नियमांखाली येतात. काचेतून उष्णता किती बाहेर जाते, यासाठीचे निकष पाळावे लागतात. त्यामुळे खिडक्या बदलल्यावर नोंदणीकृत कारागिराचं प्रमाणपत्र किंवा स्थानिक प्रशासनाची मंजुरी लागते. 'फेन्सा' ही अशी प्रमाणपत्रं देणारी तिथली परिचित योजना.

हा कागद हरवला तर त्याची प्रत मिळते. मुळात घेतलाच नसेल, तर विकणारा बऱ्याचदा एकरकमी हप्ता भरून छोटा विमा काढतो. पुढे प्रशासनाने कारवाई केली, तर त्याचा खर्च विमा कंपनी देते आणि व्यवहार पुढे सरकतो.

आपल्याकडे छोट्या गावातलं एखादं घर विकताना असा विमा काढून मोकळं व्हायची सोय नाही. इथे तीनच गोष्टी हाताशी असतात: कागद शोधणं, नसेल तर काम नियमित करून घेणं आणि तेही जमलं नाही तर खरं काय ते दस्तात लिहिणं.

मग विकण्याआधी काय करावं?

१. आधी नगरपरिषदेत शोधा. तुमच्याकडे कागद नाही म्हणजे तो कधी झालाच नव्हता, असं नाही. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने परवानगी घेतलेली असू शकते. मंजूर नकाशा आणि परवानगीच्या प्रमाणित प्रतीसाठी माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात घर क्रमांक, जुन्या मालकाचं नाव आणि अंदाजे वर्ष नक्की लिहा.

२. खरेदीखत हरवलं असेल तर प्रमाणित प्रत काढा. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. मूळ दस्त गहाळ असेल, तर पोलिसांत तशी तक्रार द्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. बँक आणि खरेदीदार दोघेही ते मागतात.

३. वारसांची नावं आधी लावा. बहिणींसह सगळ्या वारसांची नोंद आणि संमती नसेल, तर खिडकीची चर्चा करण्यात अर्थ नाही. व्यवहार त्याआधीच अडेल.

४. 'आहे तसा' नकाशा काढून घ्या. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद घराचं मोजमाप घेऊन काय नियमात बसतं आणि काय बसत नाही, हे सांगू शकतो. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. छोट्या प्लॉटसाठी, म्हणजे १५० चौरस मीटरपर्यंत, परवानगीची पद्धत त्यात बरीच सोपी केली आहे. झालेलं काम नियमात बसत असेल, तर ठरलेलं शुल्क भरून ते नियमित करण्यासाठी अर्ज करता येतो. बसत नसेल, उदाहरणार्थ खिडकी शेजाऱ्याच्या जागेत उघडत असेल, तर ती बुजवून टाकणं कधी कधी सगळ्यात स्वस्त पडतं.

५. स्लॅबची तपासणी करून घ्या. जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर टाकलेला स्लॅब हा आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि मग कागदाचा. अभियंत्याचा मजबुतीचा दाखला असेल, तर खरेदीदाराची अर्धी शंका मिटते.

६. इसार पावतीतच लिहा. "मागील भिंतीतील खिडकी व स्लॅब यांची परवानगी उपलब्ध नाही, ही बाब खरेदीदारास सांगितली असून त्यांनी जागेवर पाहणी केली आहे," अशा आशयाचं वाक्य वकिलाकडून लिहून घ्या. काम नियमित करण्याचा खर्च कोण करणार आणि बँकेने कर्ज नाकारलं तर इसार परत द्यायचा की नाही, हेही त्यातच ठरवा. या वाक्यामुळे नगरपरिषदेची कारवाई टळत नाही. पण "मला फसवलं" हा आरोप मात्र टिकत नाही.

खरेदीदारालाही एक सांगणं. इसार देण्याआधी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि घर एकदा नकाशा हातात घेऊन फिरून पाहा. नकाशात नसलेली खोली आणि नकाशात नसलेली खिडकी तेव्हाच लक्षात येते.

खिडकीची पावती तरीही का जपावी?

नोंदणी कार्यालय खिडकीची पावती मागणार नाही. पण आयकराच्या हिशोबात ती कामाला येऊ शकते.

घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावर कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून हा दर १२.५ टक्के आहे, आणि त्यात महागाई निर्देशांकाचा फायदा मिळत नाही. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्के, असा हिशोब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. वारसाने आलेल्या घरासाठी आधीच्या मालकाची खरेदी किंमत धरतात. ते घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल, तर त्या दिवसाची बाजारातली किंमतही धरता येते.

या हिशोबात २००१ नंतर घरात केलेल्या भांडवली सुधारणांचा खर्च नफ्यातून वजा होतो. नवा स्लॅब, वाढवलेली खोली, संपूर्ण घराच्या नव्या खिडक्या असा खर्च त्यात दाखवता येऊ शकतो. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी त्यात धरत नाहीत. समजा, अशा कामांवर तीन लाख खर्च झाले होते आणि पावत्या असतील, तर १२.५ टक्क्यांच्या हिशोबाने साधारण ३७,५०० रुपये कर वाचतो. पावती नसेल, तर हा खर्च सिद्ध करणं अवघड होतं.

थोडक्यात

त्याच मापाची खिडकी बदलली असेल, तर कागदाची चिंता सोडा. भिंत फोडली असेल, स्लॅब टाकला असेल किंवा खोली वाढवली असेल, तर गिऱ्हाईक दारात येण्याआधी नगरपरिषदेत अर्ज करा. घरपट्टीची पावती परवानगी म्हणून दाखवू नका आणि जे नाही ते लपवू नका.

यात सगळ्यात मोठा खर्च वेळेचा आहे. माहिती अधिकाराचं उत्तर, वारसांची नोंद, अभियंत्याचा नकाशा, नगरपरिषदेची मंजुरी यांत काही महिने सहज जातात. पैशाची नड आल्यावर घर विकायला काढणाऱ्याकडे एवढे महिने नसतात आणि त्याचा तोटा भावात दिसतो. त्यामुळे गावाकडचं घर पुढे-मागे विकायचं मनात असेल, तर दिवाळीला घरी जाल तेव्हा एक दिवस ट्रंक उघडण्यासाठी ठेवा. वडीलधारी माणसं घरात असतील, तर कोणती खिडकी कधी पाडली, हेही त्यांना विचारून लिहून ठेवा.